एकशे शहात्तर मीटर

कस्तुराबाईला बसून राहायची सवय कधी नव्हतीच. वय एकसष्ट, अंगानं शेलाटी, पण काटक. सकाळच्या भाकऱ्या उरकल्या की दोन भाकऱ्या फडक्यात बांधायच्या, वर लसणाची चटणी, हातात काठी, आणि सात शेळ्या म्होरं घालून बाई जी टेकडीला लागायची ती दिवस कलल्यावरच परत. येडशीच्या अलीकडं, बालाघाटाच्या उतरणीला टेकलेलं तिचं गाव. उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, एसटीवरची अक्षरं बदलली, पण तिच्या काळ्याभोर शेळ्या अजून उस्मानाबादी जातीच्याच राहिल्या. "त्यांना कोण सांगणार, बाई?" असं म्हणून ती स्वतःच हसायची.

अशा बाईला खाटेवर बसवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण घरच्यांनी ते करून दाखवलं. तेही धाकदपटशा दाखवून नव्हे, तर मायेनं. धाक असता तर ती भांडली असती, कारण भांडायला ती कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. मायेपुढं तिचं तोंड बंद झालं. दोन महिने झाले, उंबऱ्याच्या आत ती आणि भिंतीपलीकडं गोठ्यात शेळ्या, दोघी बांधलेल्या.

झालं ते असं. भादव्यात एक दिवस चांदी, म्हणजे कानावर पांढरे ठिपके असलेली तिची लाडकी शेळी, वरच्या दगडांत अडकून बसली. तिला काढायला कस्तुराबाई तरातरा चढली आणि एकदम छातीत आवळल्यासारखं झालं. दरदरून घाम फुटला. ती पळसाखाली टेकली, घोटभर पाणी प्याली, घटकाभरानं उठली आणि शेळ्या घेऊन घरी आली. कुणाला सांगितलं असतं? नाव नको. पण शेजारच्या रानात भांगलणाऱ्या सिताबाईनं तिला बसलेलं पाहिलं होतं, आणि सिताबाईच्या पोटात आजवर काही राहिलंय का? दिवेलागणीच्या आत गल्लीला कळलं, आणि गल्लीच्या आधी आण्णांना.

आण्णा म्हणजे लिंबाजी, कस्तुराबाईचे थोरले दीर. वय चौऱ्याहत्तर, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. माणूस वाईट नव्हे हो, उलट देवमाणूसच. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ, कस्तुराबाईचा नवरा, हरभऱ्याच्या रानात असाच छाती धरून बसला होता. "कायबी न्हाय आण्णा, पित्त झालंय," म्हणाला, आणि आण्णांच्या मांडीवरच गेला. तेव्हापासून छाती हा शब्द जरी कानावर पडला तरी म्हाताऱ्याचा चेहरा उतरायचा. भावाचा पोरगा रणधीर त्यांनीच वाढवला, शिकवला, लग्न लावून दिलं. त्या दिवशी सिताबाईचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "रणधीर, सकाळी गाडी काढ. हिला दवाखान्यात न्यायचंय."

धाराशिवच्या दवाखान्यात आधी छातीला तारा लावून पट्टी काढली, मग पडद्यावर काळीज बघितलं. डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, बोलायला गोड. म्हणाला, थोडी शंका आहे, पट्ट्यावर चालवून बघू. आता हा पट्टा म्हणजे काय ते कस्तुराबाईला काय ठाऊक? ती लुगडं सावरून वर चढली, बटण दाबलं, आणि पायाखालची जमीन मागं सरकायला लागली.

"आगं आई गं! भुई पळाया लागली की!" तिनं दोन्ही हातांनी दांडी धरली. बाकीचे "चाला आजी, चाला" म्हणताहेत आणि ही दांडी सोडायला तयार नाही. मिनिटभरात ती खाली उतरली, कपाळावरचा घाम पुसला आणि त्या यंत्राकडं बघून म्हणाली, "हा कसला मुडदा बशिवला रस्ता! नुसतं चालवतोय, जाऊ कुठंच देत न्हाय."

डॉक्टर हसला. रणधीरला त्यानं खोलीत बोलावून समजावलं. पट्टा जमत नसेल तर राहू दे, दुसरी साधी तपासणी आहे. सरळ व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं. जमेल तेवढं भराभर. सहा मिनिटांत माणूस किती अंतर कापतो त्यावरून काळजाची ताकद बरीच कळते. खर्च नाही, यंत्र नाही, भीती नाही. हे सगळं त्यानं रणधीरला सांगितलं. कस्तुराबाई तेव्हा बाहेर पाणी पीत होती. तिला सांगायचं सगळ्यांचंच राहून गेलं.

व्हरांड्यात शुभांगी नावाची तपासणीवाली पोरगी होती, चटपटीत, सकाळपासून उभ्या पायावर. तिनं तीस मीटरच्या अंतरानं दोन लाल स्टुलं मांडली, कस्तुराबाईच्या बोटाला चिमटा लावला. "आजी, ह्या स्टुलापासनं त्या स्टुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मी थांबा म्हणेपर्यंत. तुमच्या चालीनं चाला. दम लागला तर थांबा," असं भरभर सांगून तिनं घड्याळ चालू केलं. आणि व्हरांड्याच्या बरोब्बर मध्यावर, भिंतीला लागून, एक बाकडं होतं. त्या बाकड्यावर, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी अशा थाटात आण्णा बसले होते. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून बसताना दोन्ही पाय लांब पसरून बसायची सवय. अर्धा व्हरांडा त्यांच्या पायांनीच अडवला होता.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कस्तुराबाई सतरा वर्षांची असताना या घरात आली. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, थोरल्या दिराच्या म्होरनं जायचं झालं तर चपला हातात घ्यायच्या, पदर पुढं ओढायचा, नजर भुईवर, कडेकडेनं जायचं आणि पाय वाजता कामा नये. त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, काही सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं. चव्वेचाळीस वर्षं झाली. सासू गेली, सासरा गेला, नवरा गेला, घरात टीव्ही आला, मोबाइल आला, पण कस्तुराबाईच्या पायांना ते वळण पडलं ते पडलंच. तिला ते कधी जाच वाटलं असंही नाही. श्वास घेताना कुणी मोजून घेतं का, तसंच ते.

मग व्हरांड्यात काय झालं असेल ते सांगायला नकोच. स्टुलापासून ती निघाली, बाकड्याच्या चार पावलं अलीकडं थांबली, वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, पदर ओढला, आणि आण्णांच्या पायांना वळसा घालून समोरच्या भिंतीला घासत, चवड्यांवर हळूहळू पुढं गेली. पलीकडं गेल्यावर पुन्हा चपला घातल्या. स्टुलाला वळसा घालून परत आली, पुन्हा तेच. मध्येच आण्णांचा फोन वाजला. त्यांना बसून फोन घेता येत नाही, उभं राहून मोठ्यानं बोलावं लागतं. ते व्हरांड्याच्या मधोमध उभे राहून सोयाबीनच्या पोत्यांबद्दल कुणाला तरी झापत राहिले, आणि कस्तुराबाई भिंतीकडं तोंड करून, चपला हातात धरून, गप उभी राहिली. शुभांगीनं लांबून हाक मारली, "आजी, दम लागला का?" कस्तुराबाईनं मान हलवून नाही म्हटलं. पोरीनं कागदावर काहीतरी लिहिलं. सहा मिनिटं संपली.

एकशे शहात्तर मीटर.

"वयाच्या मानानं फारच कमी," डॉक्टर रणधीरला म्हणाला. "साडेतीनशे-चारशे तरी यायला पाहिजे होतं. काळजाला जोर कमी पडतोय. आता चढावर जाणं, उन्हात पायपीट सगळं बंद. गोळ्या देतो. दोन महिन्यांनी परत तपासू." आण्णांनी दाराशी उभं राहून ते ऐकलं. गाडीत बसताना त्यांनी टोपी काढून डोळे पुसले ते रणधीरनं पाहिलं.

झालं. घरी आल्यावर आण्णांनी फर्मान काढलं आणि घराचं घर कस्तुराबाईच्या राखणीला बसलं. तिनं घागरीला हात लावला की सून अर्पिता धावत यायची, "आत्याबाई, ठेवा ते!" झाडू घेतला तर झाडू गायब. चुलीपुढं बसली तर "धूर बाधंल." अंगणात गेली तर "ऊन हाय." चपला एक दिवस दारातून उचलून माळ्यावर ठेवल्या, का, तर दिसल्या की तिला जावंसं वाटेल. रणधीर दुपारी शेतातून फोन करायचा, "आई काय करतीय?" आणि अर्पिता सांगायची, "बसल्यात." रोज तेच उत्तर. काय करणार दुसरं? बसल्यात!

सगळ्यात वाईट म्हणजे गोठा भिंतीपलीकडंच होता. शेळीला चारा कापून टाकला म्हणजे तिचं पोट भरतं, पण मन भरत नाही. ती झाडपाला हिंडून, वेचून, मान वर करून खाणारी जात. सातही जणी दिवसभर दाव्याला झटे देत ओरडायच्या. कोण ओरडतंय ते कस्तुराबाईला खाटेवरून आवाजावरनं कळायचं. ही चांदी. ही लवंगी, हिनं आज चाऱ्याला तोंड लावलं नाही. तिच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. आढ्याकडं बघत ती म्हणायची, "देवा, छातीत त्या दिवशी आवळलं त्ये एकदाच. ह्ये तर रोजचं हाय." पण हे कुणाला सांगावं? सांगितलं तर लगेच गाडी काढतील!

आणि मग त्या बुधवारी जेवताना आण्णांनी विषय काढला. "लवंगी वाळत चाललीय. मुक्या जनावराचे हाल कशापायी करायचे? शनवारी धा वाजता येरमाळ्याचा व्यापारी येतोय. सातीबी देऊन टाकू. म्या शब्द दिलाय." कस्तुराबाई चुलीपाशी बसली होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला. शेळ्या तिच्या होत्या. पहिली शेळी तिला माहेरून मिळाली होती आणि तिच्याच पोटच्या या सगळ्या. पण बोलायचं कुणाशी? आण्णांशी तर बोलायची सोयच नाही. जेवणं झाल्यावर तिनं रणधीरला गाठलं.

"आण्णांना म्हणावं, शेळ्या राहू द्या."

"आई, तू त्यांच्यामागं जाऊ शकत न्हाईस. ठिवून करायचं काय? आण्णा तुझ्या भल्याचंच बोलत्यात."

"व्हय, माझं भलं," ती म्हणाली. "माझ्या भल्यानं मला जित्तं पुरलं की रे!" रणधीर खाली मान घालून निघून गेला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

गुरुवारी दुपारी अर्पितानं दवाखान्याची पिशवी काढली, कारण शुक्रवारी पुन्हा तपासणीला जायचं होतं. लग्नाआधी ही पोरगी दोन वर्षं बार्शीला औषधाच्या दुकानात कामाला होती. कागद वाचायची तिला सवय. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आत्याबाई, एकशे शहात्तर मीटर म्हंजे किती माहितीय का? आपल्या दारातनं मारुतीच्या पारापर्यंत. तेवढ्याला तुम्हाला सहा मिनिटं लागली?"

"कोण म्हणतंय?"

"कागद म्हणतोय. आन् इथं दम लागला का, तर शून्य लिवलंय. नाडी आधी अठ्ठ्याहत्तर, नंतर ब्याऐंशी. म्हंजे तुम्ही दमल्याबी न्हाईत. मग एवढं हळू का चाललात?"

"आगं," कस्तुराबाई म्हणाली, पोरीला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं, "आण्णा बसले व्हते की तिथं."

मग अर्पितानं एकेक विचारलं आणि कस्तुराबाईनं सांगितलं: कुठं बाकडं होतं, कुठं चपला काढल्या, फोन आला तेव्हा किती वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. सांगताना तिला त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. अर्पितानं कपाळावर हात मारला.

"बाई बाई बाई! आत्याबाई, ते अंतर मोजत होते! तुम्ही किती लांब चालता ते. त्यावरनंच ठरवलं काळीज कमजोर हाय म्हणून."

"अंतर? मला वाटलं बोटाचा चिमटा काय सांगतोय त्ये बघत्यात." कस्तुराबाई खाटेवरून उठली. तिला आधी खरंच वाटेना. मग हळूहळू तिचा चेहरा लाल झाला, आणि दोन महिने गिळलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "मग मला सांगाया काय झालं व्हतं मेल्यांना? म्या काय मुकी हाय का भैरी हाय? दोन म्हैने! दोन म्हैने मला खाटंला बांधली, माझ्या चपला माळ्यावर टाकल्या, माझी जनावरं विकाया काढली, आन् कशापायी, तर म्या चालीरीतीनं चालले म्हणून!" मग ती एकाएकी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. अर्पिताही शेजारी बसली. पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "मीबी आण्णांच्या म्होरनं जाताना पैंजण हातानं दाबून धरते, आत्याबाई. मला चालवलं असतं तर माझंबी काळीज कमजोर निघालं असतं." रडता रडता दोघींना हसू फुटलं.

"उद्या पुन्हा चालायला लावतील," अर्पिता म्हणाली. "भराभर चाला. चारशे आलं तर शेळ्या विकायला कारणच उरत न्हाय. फक्त..."

"फक्त आण्णा येणार," कस्तुराबाई म्हणाली.

आणि आलेच. सकाळी सगळ्यांच्या आधी धुतलेलं धोतर नेसून गाडीत पुढच्या शिटावर बसले होते. कस्तुराबाईच्या चपला दवाखान्यापुरत्या माळ्यावरनं खाली आल्या. दवाखान्यात तोच व्हरांडा, तीच लाल स्टुलं, आणि त्याच बाकड्यावर तेच पाय लांब पसरलेले. अर्पिता हळूच त्यांना म्हणाली, "आण्णा, बाहेर लिंबाखाली गार हाय." आण्णा म्हणाले, "मला इथंच बरं हाय, पोरी. तिला काय झालं-बिलं तर?"

कस्तुराबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. चपला काढायच्या नाहीत. बघायचं नाही. सरळ जायचं. शुभांगीनं घड्याळ चालू केलं आणि ती निघाली, चांगली झपझप. दहा पावलं गेली, बारा गेली. बाकडं जवळ आलं आणि पाय जड झाले. ती मनात म्हणत होती चल, चल, आणि पाय ऐकत नव्हते. पदर आपोआप पुढं ओढला गेला. पाठ वाकली. हात चपलेकडं गेलासुद्धा. तिला स्वतःच्या पायांचा असा राग आला की तिथंच बसून त्यांना बडवावं. डोळ्यांपुढं शनिवार उभा राहिला. व्यापारी चांदीचे कान धरून दात बघतोय, लवंगीला टेम्पोत ढकलतोय, आणि आपण खाटेवर.

ती ताठ झाली. मागं वळली आणि शुभांगीकडं बघून, पण सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाई, आमच्या आण्णांना म्हणावं, भाईर जाऊन बसा. त्यांच्या म्होरनं माझे पाय उचलत न्हाईत. मागच्या टायमालाबी उचलले न्हाईत. काळजात कायबी न्हाय माझ्या, ही सारी चपलांची कथा हाय."

"आई!" रणधीर ओरडला. शुभांगी एकदा हिच्याकडं, एकदा आण्णांकडं बघायला लागली. आण्णांचे कान लाल झाले. चव्वेचाळीस वर्षांत त्या बाईचा एवढा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी काठी टेकली, कण्हत उठले, आणि बाहेर निघून गेले. त्यांची पाठ दारातून दिसेनाशी होईपर्यंत कस्तुराबाईनं मान खाली घातली होती.

"चला आजी," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पहिल्यापासनं घेऊ. आणि नीट ऐका, सहा मिनिटांत जास्तीत जास्त लांब जायचंय. पळायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही."

"हे आधी सांगायचं व्हतंस, माय," कस्तुराबाई म्हणाली आणि निघाली.

काय चालली म्हणून सांगावं! चपलांचा फटाक फटाक आवाज व्हरांडाभर घुमला. स्टूल, वळसा, परत. स्टूल, वळसा, परत. रिकाम्या बाकड्यापाशी दर खेपेला पाऊल किंचित अडखळायचं, पण थांबलं नाही. चौथ्या मिनिटाला दम लागला, कानशिलं तापली, तशी तिनं चाल जरा कमी केली; चढावर ती तशीच करायची. कडेनं बसलेले पेशंट मोजायला लागले. शुभांगीनं "थांबा" म्हटलं तेव्हा तेरा खेपा पुऱ्या होऊन चौदाव्या खेपेची सहा मीटर झाली होती.

तीनशे शहाण्णव.

डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "पहिल्या वेळी दम शून्य लिहिलाय," तो स्वतःशीच म्हणाला, "मी तेव्हाच विचारायला हवं होतं." मग पहिल्यांदाच तो रणधीरला सोडून कस्तुराबाईशी बोलला. "आजी, गोळ्या बंद करायच्या नाहीत. चढ सावकाश चढायचा. छातीत आवळलं तर बसायचं, ही गोळी जिभेखाली धरायची, आणि लपवायचं नाही, घरी सांगायचं. पण चालणं सोडू नका. तुम्हाला चालणंच औषध आहे."

गाडीत रणधीरनं आकडा सांगितला तेव्हा आण्णा नुसतं "हं" म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर ते जेवले, पण मान वर केली नाही. चपला पुन्हा माळ्यावर गेल्या, शेळ्यांचा विषय कुणी काढला नाही. कस्तुराबाई वाट बघत राहिली. कुणीतरी म्हणेल, आता कशाला विकायच्या. रणधीर म्हणेल. पण रणधीर म्हणाला, "आई, चारचौघांत आण्णांना असं बोलायला नको व्हतं," आणि उठून गेला. म्हणजे कागद बदलला, डॉक्टरचं बोलणं बदललं, पण व्यापाऱ्याला दिलेला शब्द जिथल्या तिथं. तिला वाटलं, आपण उगीच चाललो. तो व्हरांडाही एक पट्टाच होता, नुसतं चालवणारा, कुठंच न नेणारा.

शनिवार उजाडला. आण्णा सकाळपासून दारातल्या ओट्यावर येऊन बसले होते, व्यापाऱ्याची वाट बघत. गोठ्यातून रस्त्याला जायचं तर एकच वाट, ओट्यासमोरचा अरुंद बोळ. त्या बोळात आण्णांचे पाय आडवे पसरलेले.

नऊ वाजता कस्तुराबाईनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या. गोळीची पुडी पदराच्या गाठीला बांधली. अर्पिता माळ्यावर चढली, चपला काढल्या, धूळ झटकून तिच्या पायापाशी ठेवल्या आणि हातात काठी दिली. कस्तुराबाईनं चपला घातल्या, गोठ्याचं फाटक उघडलं, सातही दावी सोडली. दोन महिन्यांनी सुटलेल्या शेळ्या, त्यांना काय दम निघतोय! एकमेकींच्या अंगावर पडत त्या बोळात घुसल्या आणि आण्णांच्या पायांपाशी येऊन अडल्या. मागं कस्तुराबाई. चपला पायात. हात चपलांकडं गेले नाहीत.

आण्णांनी वर पाहिलं. आजवर त्यांनी तिला थेट कधी काही विचारलं नव्हतं.

"कुठं निघालीस?"

मध्ये कुणीच नव्हतं, ज्याच्या तोंडून उत्तर द्यावं. "रानात, आण्णा," ती म्हणाली. "दिस कलायच्या आत येते."

"व्यापारी येतोय."

"येऊ द्या. त्याला म्हणावं, शेळ्या टेकडीला गेल्या."

आण्णांची नजर तिच्या चपलांवर होती. कस्तुराबाईला वाटलं, आता उठतील, आता काठी आपटतील. पण म्हातारा बोलला तेव्हा आवाज फाटलेला होता. "त्योबी असाच म्हणला व्हता. कायबी न्हाय आण्णा, पित्त झालंय. आन् म्या मानलं त्याचं."

अकरा वर्षं म्हातारा हे कुणापाशी बोलला नव्हता, आणि बोलणार तरी कुणाशी, तिच्याशी तर बोलायची रीतच नव्हती.

"म्या न्हाय तसं म्हणणार," ती म्हणाली. पदर डोक्यावर होता, पण नजर वर होती. "दुखलं तर बसन, गोळी घीन, आन् येऊन सांगन. आधी तुमालाच सांगन, आण्णा. समोर उभी राहून."

शेळ्या ओरडायला लागल्या होत्या. आण्णांनी काठी बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी एक गुडघा धरला, कण्हत पाय जवळ ओढला, मग दुसरा ओढला. बोळ मोकळा झाला. आधी चांदी सुटली, तिच्यामागं लवंगी, मग बाकीच्या, आणि सगळ्यांच्या मागं कस्तुराबाई आण्णांच्या म्होरनं गेली, चपला फटाफटा वाजवत.